‘गेला’ हे रूप कोणाचे? — अनियमित क्रियापद आणि कर्तेपणाचे सातत्य

काही रूपे एकाच क्रियापदाची आहेत असे व्याकरण सांगते, तेव्हा ते नेमका कोणता दावा करीत असते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ‘चालतो’, ‘चालला’, ‘चालेल’ या रूपांपुरती तो विचारण्याची निकडही भासत नाही. तिन्हींत ‘चाल’ हा अंश दिसतो, तो धातू. पुढे बदलतात ते प्रत्यय. डोळ्यांना जाणवणारे साम्य हेच येथे एकत्वाचे प्रमाण ठरते आणि विचार तेथेच थांबतो. स्पॅनिश भाषा शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याचे हे प्रमाण मात्र फार लवकर निकामी होते. ‘इर’ म्हणजे जाणे. त्याचे प्रथमपुरुषी एकवचन वर्तमानकाळी ‘बोय’, अपूर्ण भूतकाळी ‘इबा’, साध्या भूतकाळी ‘फुई’ आणि भविष्यकाळी ‘इरे’ असे होते. ‘बोय’ आणि ‘फुई’ यांच्यात एकही समान वर्ण नाही. इतिहास पाहू गेल्यास या एका कोष्टकात लॅटिनची तीन निरनिराळी क्रियापदे येऊन बसलेली आढळतात. ‘बोय’ हे ‘वादेरे’ या धातूचे, ‘इबा’ आणि ‘इरे’ ही ‘ईरे’ची, आणि ‘फुई’ तर ‘एस्से’चे, म्हणजे असणे या अर्थाच्या क्रियापदाचे. त्यामुळे स्पॅनिशमध्ये ‘सेर’ म्हणजे असणे या क्रियापदाचा साधा भूतकाळही ‘फुई’ असाच होतो. ‘मी होतो’ आणि ‘मी गेलो’ यांना एकच शब्द आहे. त्यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा हे वाक्य ठरविते. जो एखाद्या ठिकाणी होता तो तेथे गेलेला असलाच पाहिजे, या व्यवहारातल्या अनुमानातून हे संक्रमण झाले असावे असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

भाषाविज्ञानात या घटनेला पूरकरूपता म्हणता येईल. पाठ्यपुस्तके तिला अनियमितता म्हणतात आणि पाठ करावयास सांगतात. दोन्ही नावांनी प्रश्न मिटत नाही. रूपांत साम्य नाही, उगम एक नाही, आणि तरीही ही सारी रूपे ‘त्याच’ क्रियापदाची आहेत असे भाषिक समूह निःशंकपणे मानतो. हे ‘तेच’ असणे कशावर आधारलेले आहे? हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. काल ज्याने वचन दिले तो, आज ते नाकारणारा तो आणि उद्या त्याची भरपाई करणारा तो, हे तिघे एकच आहेत असे नीतिविचारही गृहीत धरतो. त्याच्याही मुळाशी साम्याचाच आधार आहे की दुसरे काही, हे तपासून पाहावयाचे तर अनियमित क्रियापद हे एक सोयीचे आणि काहीसे दुर्लक्षित उदाहरण आहे.

त्यासाठी स्पॅनिशपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. ‘जातो’ आणि ‘गेला’ ही जोडी प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी आहे. ‘जाणे’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून आलेले. ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या भूतकालवाचक धातुसाधितापासून. ‘येणे’ हे ‘इ’ धातूशी संबंधित आहे आणि त्याचा भूतकाळ ‘आला’ हा ‘आगत’ यापासून सिद्ध झालेला आहे. म्हणजे वर्तमानात येणे आणि जाणे यांचे धातू भिन्न, आणि भूतकाळात दोन्हींच्या पोटी एकच ‘गम्’. फरक काय तो ‘आ’ या उपसर्गाचा. ‘आगत’मधील ग गळाला, त गळाला, पुढे ‘ल’ हा प्रत्यय जोडला गेला, आणि ‘आला’ या रूपात शेवटी उरले ते फक्त उपसर्ग आणि प्रत्यय. क्रिया ज्याने सांगितली जावयाची तो धातूच नाहीसा झाला आहे. स्पॅनिशमध्ये ‘कोमेर’ म्हणजे खाणे या क्रियापदाची नेमकी हीच गत झालेली दिसते. लॅटिन ‘कोमेदेरे’मध्ये ‘कोम्’ हा उपसर्ग आणि ‘एद्’ हा खाण्याचा धातू होता. आज धातू झिजून गेला आहे आणि उपसर्ग जेवतो आहे! आणखी एक योगायोग नोंदवावयास हरकत नाही: स्पॅनिशचे ‘इर’ आणि मराठीचे ‘येणे’ ही एकाच इंडो-युरोपीय धातूची दूरची भावंडे आहेत, आणि ‘फुई’ हे ‘भू’चे, म्हणून आपल्या ‘होणे’चे नातलग आहे. तेथे जे जाते ते येथे येते.

मराठीतल्या अशा रूपांची यादी केली तर एक गोष्ट स्पष्ट होते. केला, मेला, गेला, आला, झाला, दिला: ही सारी भूतकाळाची रूपे आहेत. करीन, मरेन, जाईन, येईन, होईन ही भविष्यरूपे धातूवरून कोणालाही घडविता येतील. वर्तमानाचेही बहुधा तसेच. अनियमितता एकवटली आहे ती भूतकाळात. याचे ऐतिहासिक कारण साधे आहे. कृत, मृत, गत, जात ही संस्कृत धातुसाधिते प्राकृतातून झिजत, तयार रूपातच मराठीपर्यंत पोचली. ‘झाला’ हा मुळात ‘जात’, म्हणजे जन्मलेला. ‘होणे’चा भूतकाळ जन्माच्या धातूने भरून काढला गेला आहे. ‘कर’ला ‘ल’ जोडून ‘केला’ होत नाही. लहान मूल ‘करले’ म्हणते तेव्हा त्याचे तर्कशास्त्र निर्दोष असते, कमी असतो तो वारसा. भविष्य नियमाने रचता येते, भूतकाळ मात्र ज्यांच्याकडे तो होता त्यांच्याकडून घ्यावा लागतो. शिवाय नियमाला दाद न देणारी ही क्रियापदे दुर्मीळ किंवा ग्रांथिक नाहीत. जी रूपे रोज तोंडी असतात तीच नियमाविना टिकतात. क्वचित वापरली जाणारी विस्मरणात जातात आणि मग नियमाने नव्याने घडविली जातात. हिंदीतील ‘बैठा’ने ‘उपविष्ट’ची खूण राखली, मराठीने ती सोडून ‘बैस’ धातूवर ‘बैसला’, ‘बसला’ असे सरळ रूप बनविले. अनियमितता ही भाषेची बेशिस्त आहे, हा शालेय समज म्हणूनच उलटा आहे. ती अखंड वापराची साक्ष आहे.

संस्कृत वैयाकरणांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले ते पाश्चात्त्य व्याकरणातील ‘अनियमित’ या संज्ञेपेक्षा अधिक विचारगर्भ आहे. पाणिनीच्या पद्धतीत अपवादाची स्वतंत्र यादी करून हात झटकले जात नाहीत. ‘अस्’ धातूला विशिष्ट परिस्थितीत ‘भू’ हा आदेश होतो, ‘ब्रू’ला ‘वच्’ होतो, ‘दृश्’च्या जागी ‘पश्य’ येतो. जो हटतो तो स्थानी, जो येतो तो आदेश. आणि आदेश हा स्थान्याप्रमाणेच मानावा, असा अतिदेश अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात केलेला आहे. ‘पश्य’ हा ‘दृश्’सारखा दिसत नाही, दिसण्याची अपेक्षाही नाही. तो ‘दृश्’च्या जागी आलेला आहे म्हणून ‘दृश्’ची कार्ये त्याच्याकडे येतात. पतंजलीने या ठिकाणी दिलेला लौकिक दृष्टान्त फार मार्मिक आहे. उपाध्यायाऐवजी त्याचा शिष्य यजमानाच्या घरी गेला तर उपाध्यायाला मिळावयाचे अग्रासन त्याला मिळते. शिष्य गुरूसारखा दिसतो म्हणून हे घडत नाही. तो त्याच्या जागी आणि त्याच्या कामासाठी आला आहे म्हणून घडते. दृष्टान्तात अधिकाराचा उल्लेख आहे, पण अधिकार येतो त्याच वाटेने कर्तव्यही येते. अग्रासनावर बसलेल्या शिष्याला मंत्र चुकवून चालणार नाही. एकत्वाचा आधार येथे रूपावरून उठून उत्तरदायित्वावर येतो. अर्थात पाणिनीला नीतिशास्त्र सांगावयाचे नव्हते, आणि या सूत्रावर त्याचे ओझे टाकणे हा भाष्यकारांच्या परंपरेलाही अतिप्रसंग वाटला असता. तरीही व्याकरणाच्या आतच सादृश्यावाचूनच्या एकत्वाची कल्पना किती रेखीवपणे मांडली गेली होती, हे लक्षात घ्यावयास हवे.

‘गत’चा ‘गेला’ होण्याच्या मधली पायरी पाहावयाची तर अपभ्रंश ग्रंथांकडे वळावे लागते, आणि तेथे वऱ्हाडातील कारंजा लाड या गावाचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकोला जिल्ह्यातून 1998 साली वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यातील हे गाव दत्तसंप्रदायात नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. दिगंबर जैन परंपरेत ते सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्हींच्या भट्टारकपीठांचे स्थान होते. त्या मंदिरांतील ग्रंथभांडारांनी जे जपले त्याची विद्वत्जगताला ठळक ओळख झाली ती रायबहादुर हिरालाल यांच्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीने. ती 1926 साली नागपुरात प्रसिद्ध झाली. तोवर अपभ्रंश म्हणजे प्रामुख्याने हेमचंद्राच्या व्याकरणातील उदाहरणे आणि याकोबी यांनी 1918 मध्ये प्रसिद्ध केलेली ‘भविसत्तकहा’, एवढेच भांडवल अभ्यासकांच्या हाती होते. पुढील आठ वर्षांत चित्र पालटले. कारंजा जैन ग्रंथमालेत 1931 साली परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादित केले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हीरालाल जैन यांनी त्यामागोमाग ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि 1934 साली कनकामराचे ‘करकंडचरिउ’ सिद्ध केले. (सूचीकार हिरालाल आणि प्राध्यापक हीरालाल हे दोन भिन्न गृहस्थ आहेत, नावाच्या साम्यावरून व्यक्तीचे एकत्व मानू नये, याचे हे आयतेच उदाहरण.) डेक्कन कॉलेजातून 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अपभ्रंशाच्या ऐतिहासिक व्याकरणात ग. वा. तगारे यांनी पुष्पदंत आणि कनकामर यांची भाषा ‘दक्षिण अपभ्रंश’ म्हणून वेगळी काढली. या विभागणीवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि पुष्पदंताची काव्यभाषा ही मराठीची साक्षात जननी असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ‘गउ’, ‘गय’, ‘किउ’ अशी रूपे या ग्रंथांत वाचताना संस्कृत ‘गत’ आणि ‘कृत’ झिजून कोठवर आले होते हे कानाला कळते. ‘ल’ अजून जोडला जावयाचा आहे.

या मालेतील पहिला ग्रंथ ‘जसहरचरिउ’ असावा, ही घटना प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने केवळ आनुषंगिक नाही. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट नगरीत, दहाव्या शतकात, नन्न या मंत्र्याच्या आश्रयाने पुष्पदंताने सांगितलेली ही यशोधराची कथा जैन परंपरेत अनेकांनी अनेक भाषांत सांगितली. मेघराजाच्या ‘जसोधर रासा’तून ती जुन्या मराठीतही आली. पत्नीच्या व्यभिचाराने विरक्त झालेला राजा यशोधर संसार सोडण्यासाठी दुःस्वप्नाचे निमित्त सांगतो. आई त्यावर पशुबळीचा उपाय सुचविते. हिंसा नको आणि आईचा शब्दही मोडावयाचा नाही, या पेचातून पिठाचा कोंबडा करून तो देवीपुढे कापला जातो. पुढे राणी दोघांनाही विष देते. आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेक जन्मोजन्मी मोर, कुत्रा, मासा, बकरा, अखेर खरेखुरे कोंबडे होऊन मारले जातात. कोंबड्यांच्या जन्मी त्यांना मुनीच्या बोलण्याने पूर्वजन्मांचे स्मरण होते, आणि नंतर ती यशोधराच्याच मुलाच्या पोटी जुळी भावंडे म्हणून जन्मतात. बळी देण्यासाठी धरून आणलेला तो मुलगा मारिदत्त राजापुढे ही सारी कहाणी प्रथमपुरुषात सांगतो.

प्रथमपुरुषात सांगतो, येथेच खरी मेख आहे. मोर ‘मी’, मासा ‘मी’, बकरा ‘मी’. यांच्यात रूपाचे कोणते साम्य? एका कोष्टकात ‘बोय’, ‘इबा’, ‘फुई’ बसावीत तशी ही शरीरे एका कर्त्याच्या नावे बसविली आहेत, आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच आहे: एक केलेले कृत्य. त्यातही पिठाचा कोंबडा कापला तेव्हा वस्तुतः कोणी मेले नव्हते. या ठिकाणी भाषा कवीच्या मदतीला येते. ‘राजाने कोंबडा मारला’ या वाक्यात क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कोंबडा पिठाचा की रक्तामांसाचा, हे ‘मारला’ या रूपाला ठाऊक नाही. संकल्प पुरा झाला, क्रिया सिद्ध झाली, वाक्य तेच राहिले. स्पॅनिशमध्ये मारणाऱ्याचा पुरुष क्रियापदाच्या प्रत्ययातच मुरलेला असतो. ‘मी मारले’ म्हणावयाचे तर कर्ता वेगळा उच्चारावाही लागत नाही. मराठीत आणि तिच्या पूर्वजभाषांत सकर्मक भूतकाळाचे रूप ज्याचे काही झाले त्याच्या बाजूने उभे राहते. करणारा तृतीयेत, किंचित बाजूला. यावरून या भाषा बोलणारा समाज कर्तृत्वाविषयी अधिक विनम्र आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळलेला बरा. व्याकरणावरून लोकस्वभाव ठरविण्याच्या खटाटोपात फारसे काही हाती लागत नाही. मात्र एवढे खरे, की ‘मी’ क्रियापदात दिसेनासा झाला म्हणजे कृत्य निर्नायक झाले असे होत नाही. यशोधरकथा ही त्या बाजूला सरलेल्या कर्त्याचा पाठलाग आहे.

जैन दर्शनाला या सातत्याचे स्पष्टीकरण सोपे जाते. द्रव्य टिकते, पर्याय बदलतात. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही सतच्या ठायी एकत्र नांदतात. मोर आणि मासा हे जीवद्रव्याचे पर्याय. क्रियापदाला हा विचार लावला तर धातू हे द्रव्य आणि काळांची रूपे हे पर्याय होतील. ‘चालणे’ला तो चपखल बसतो. ‘जाणे’ला बसत नाही, कारण तेथे सर्व पर्यायांच्या तळाशी राहिलेला असा धातूच दाखविता येत नाही, ‘आला’मध्ये तर तो अक्षरशः शून्य आहे. ध्रौव्याची कल्पना येथे फार लवकर समाधान देते, असे म्हणावे लागेल. पॉल रिकर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या स्वत्वविषयक ग्रंथात ‘इडेम’ आणि ‘इप्से’ असा भेद केला आहे: पहिले तद्रूपतेचे एकत्व, दुसरे आत्मतेचे, आणि दुसऱ्याचे प्रमाण म्हणून त्यांनी दिलेल्या शब्दाला जागण्याकडे बोट दाखविले. स्वभाव पालटला, आवड पालटली, तरी वचन देणारा ‘तो मी’ म्हणून उभा राहतो. ही भूमिका पाणिनीच्या आदेशाच्या अधिक जवळ जाते. तिची अडचण वेगळी आहे. ‘तो मी’ असे म्हणणारा कोणी असावा लागतो. मोराने काय म्हणावे? जातिस्मरण होईपर्यंतच्या जन्मांत शिक्षा आहे, कबुली नाही. ज्याला आपण काय केले हे माहीतच नाही त्याने ते भोगणे, यात न्याय कोठे आहे, हा आजच्या वाचकाला पडणारा प्रश्न कथेच्या चौकटीत पूर्णपणे सुटत नाही. भाषेतही अशीच अवस्था असते. मराठी बोलणाऱ्या कोणालाही ‘गेला’ म्हणताना ‘गम्’ आठवत नाही, आणि तरी ‘जाणे’च्या सर्व जबाबदाऱ्या ‘गेला’ निमूटपणे पार पाडतो. स्मरण व्यक्तीकडे नसले तरी समूहाकडे असते. कोष्टक समूहाने सांभाळलेले असते. व्यक्तीच्या बाबतीत मात्र हे काम समूहावर सोपविणे धोक्याचे आहे. ‘हा तोच’ असे दुसऱ्यांनी ठरविले की जन्मावरून, कुळावरून, वाडवडिलांच्या कृत्यांवरून माणसे ओळखण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि त्याची फळे या देशाने पुष्कळ भोगली आहेत. आदेशाला स्थान्याचे कार्य मिळते, पण शिष्य त्या घरी स्वतःहून गेलेला असतो, हे पतंजलीच्या दृष्टान्तातले उपांग म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

या विवेचनाची एक व्यावहारिक बाजू पाठसंपादनाची आहे. पुष्पदंत आणि त्याची उपलब्ध हस्तलिखिते यांत काही शतकांचे अंतर आहे. लेखनिक बदलले, ‘न’ आणि ‘ण’ यांची अदलाबदल झाली, यश्रुती कोठे लिहिली कोठे राहिली, एकाच शब्दाची दोन रूपे एकाच पानावर आली. संपादकाने काय करावे? एकरूपता आणावी तर वाचकाची सोय होते आणि व्याकरण स्वच्छ दिसते. तशीच ठेवावीत तर ग्रंथ ओबडधोबड वाटतो. ‘णायकुमारचरिउ’ या नावातील आद्य ‘ण’ हाही अशा निवडीचा एक परिणाम आहे. हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणाच्या आरंभीच ‘बहुल’ हा अधिकार मांडून ठेवला होता: नियम कोठे लागेल, कोठे लागणार नाही, कोठे विकल्पाने लागेल. या एका शब्दात जी नम्रता आहे ती उत्तरकालीन संपादनशास्त्रात नेहमीच दिसते असे नाही. नियमबाह्य रूप दुरुस्त करणारा संपादक कवीला शुद्ध करीत असतो की त्याच्या जागी स्वतःला बसवीत असतो, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते. वैद्य आणि जैन यांनी पाठभेद नोंदवून ठेवले, म्हणजे मूळ रूपाकडे परत जाण्याची वाट बुजविली नाही. त्यांच्या निवडीशी मतभेद असणाऱ्यालाही वाद घालता येतो तो त्यांनीच राखलेल्या पुराव्यावर. दुरुस्तीपेक्षा खूण न ठेवता केलेली दुरुस्ती हा येथे खरा अपराध होय.

कारंज्याच्याच परिसरातील बोलीला हा न्याय क्वचित मिळाला. प्रमाण मराठीत भविष्यकाळी ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’ असा भेद आहे. वऱ्हाडीत ‘तो येईन’, ‘पाऊस येईन’ असे सर्रास म्हटले जाते. शाळेत हे रूप चूक म्हणून तांबड्या शाईने खोडले जाते, आणि खोडणाऱ्याची अशी समजूत असते की बोलणाऱ्याला पुरुषभेद कळत नाही. तो त्याला उत्तम कळतो. प्रमाण भाषेत ‘येईन’मध्ये आश्वासन आणि ‘येईल’मध्ये अंदाज अशी वाटणी करता येते, वऱ्हाडीत एकच रूप दोन्ही कामे करते आणि तरी कोणाचे येणे हे वचन आहे व कोणाचे अनुमान, याबद्दल गावात गोंधळ होत नाही. स्पॅनिश ‘फुए’ ऐकून ‘तो होता’ की ‘तो गेला’ असा पेच कोणाला पडत नाही, तसेच हे.

भविष्यकाळाच्या घडणीतही अर्थपूर्ण काही दडलेले आहे. अपभ्रंशातील ‘करइ’ हा वर्तमानकाळ. मराठीत त्याचा ‘करी’ झाला, आणि वर्तमानाचे काम ‘करितो’, ‘करतो’ या नव्या रूपाने घेतल्यावर ‘करी’ला दोन दिशांना सरकावे लागले. एकीकडे तो रीतिभूतकाळ झाला: आजी रोज पहाटे दळण करी. दुसरीकडे ‘ल’ जोडून तो भविष्य झाला: करील. कारंज्याच्या पोथीत जे आता घडत आहे तेच रूप आज सवयीचा भूतकाळ आणि अजून न घडलेले भविष्य, असे दोन्ही सांगते. संस्कृतचे मूळ भविष्यरूप मराठीने गमावले, तसेच लॅटिनचे स्पॅनिशने. स्पॅनिशने ते भरून काढले ते ‘आबेर’ या क्रियापदाच्या साहाय्याने. ‘इरे’ची मूळ फोड ‘इर’ आणि ‘हे’ अशी आहे, मराठीत सांगावयाचे तर ‘मला जावयाचे आहे’. तेथील भविष्य कर्तव्यातून निघाले, येथील जुन्या वर्तमानाच्या सातत्यातून. दोन्ही भाषांत ते आज बहुतांशी नियमित आहे. भूतकाळ मात्र दोन्हींत खडबडीत राहिला.

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘गेला’ला मृत्यूची छाया आहे आणि ती मागे सरकून वर्तमानावरही पडते, म्हणून जाण्याचे काम येण्याकडून करून घेतले जाते. भाषेच्या इतिहासात धातूंची अदलाबदल केवळ ध्वनींच्या झिजेने होते असे मानणाऱ्यांनी या नित्याच्या प्रसंगाकडे पाहावे: येथे एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी जाणूनबुजून, ममत्वापोटी आणले जाते, आणि ऐकणाराही ते त्याच अर्थाने घेतो. हीच प्रथा आणखी हजार वर्षे टिकली तर पुढील वैयाकरण ‘जाणे’च्या कोष्टकात वर्तमानकाळी ‘येतो’ लिहील आणि अनियमित असा शेरा मारील.

समीक्षेची क्रियापदेही या प्रश्नातून सुटत नाहीत. ‘पुष्पदंत म्हणतो’, ‘ज्ञानेश्वर सुचवितात’: कवी जाऊन शतके लोटली तरी समीक्षक वर्तमानकाळ वापरतो. हा संकेत एवढा रूढ आहे की त्यातील धाडस जाणवत नाही. मृत कवीच्या जागी त्याची संहिता आदेश म्हणून आणली जाते आणि तिला कवीचे अग्रासन दिले जाते. तिचे उत्तरदायित्व कोणी घ्यावयाचे, हे मात्र सांगितले जात नाही. हस्तलिखितांचे लेखनिक या बाबतीत अधिक काटेकोर होते. जैन पोथ्यांच्या पुष्पिकेत संवत, गाव, गुरुपरंपरा, कोणासाठी पोथी लिहविली त्याचे नाव, आणि शेवटी ‘लिखितं’ हे धातुसाधित येते, लिहिणारा तृतीयेत. ज्या पोथीचे शेवटचे पान गहाळ झालेले असते तिच्यात तृतीयेतला तो मनुष्य नाहीसा होतो. मजकूर वाचता येतो, चुका मोजता येतात, कोठे हात थकला तेही अक्षराच्या वळणावरून दिसते. कोणी, हे तेवढे उरत नाही, आणि सूचीकार त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढतो.